वॉल काढला, बरं वाटतं

मे महिन्यात आंबोलीच्या घाटात एका अनोळखी म्हाताऱ्याने माझं मनगट पकडलं आणि मी त्याच्यावर ओरडले. ‘हात सोडा आधी!’ असं, चांगलं खणखणीत, वरून उतरणाऱ्या ट्रकवाल्याने मान वळवून बघितलं इतकं. त्याने सोडला. खांद्यावरचा टॉवेल सारखा केला आणि उताराच्या बाजूने चालत निघून गेला, एक शब्द न बोलता, म्हणजे ओरडण्याआधी जे बोलला तेवढंच, ‘हात लाव नको, भाजतलंस’. गाडीच्या नाकाडातून वाफ येत होती, काकू आत बसून रुमालाने वारा घेत होती, आणि माझ्या हातात ओलं फडकं होतं, ते घेऊन मी कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीचं झाकण फिरवायलाच निघाले होते. त्याच्या हाताच्या आतल्या बाजूला मनगटापासून कोपरापर्यंत एक जुना गुळगुळीत डाग होता, चकचकीत, केस नसलेला. तो मी ओरडतानाच बघितला होता. कसला ते कळायला मात्र रात्री घरी येऊन अंथरुणावर पडावं लागलं.

ते झाकण म्हणजे नुसतं झाकण नसतं हे मला पुस्तकी माहीत होतं, हीच लाजेची गोष्ट. आत दाब धरून ठेवणं हेच त्याचं काम. उघड्या भांड्यात पाणी समुद्राकाठी १०० अंशांना उकळतं, आंबोलीसारख्या ६९० मीटर उंचीवर दोनेक अंश आधीच उकळतं, पण बंद टाकीत बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बार जास्त दाब असला की तेच पाणी १२० अंशांपर्यंत गपचूप बसून राहतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि मग ते पाणी कुणाचं ऐकत नाही, एका दमात उसळून तोंडावर येतं. म्हणजे मी दहा शिट्ट्या झालेल्या कुकरचं झाकण ओढायला निघाले होते. कुकरच्या बाबतीत असं न करायची अक्कल दहाव्या वर्षी आली होती. गाडीच्या बाबतीत चाळिशीतही नव्हती.

तासभर थांबलो. करवंदवाल्या मुलीकडून दोन द्रोण करवंदं घेतली, एक काकूने संपवला, एक मी. मग गाडीत दोन बाटल्या पाणी घालून मागे फिरलो आणि आंबोली राहिलीच.

गाडीबद्दल सांगायला हवं नाहीतर कळणार नाही मी इतकी का हट्टाला पेटले ते. सॅन स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इथे शेजारी गोव्यात बनायला लागलेली दोन सीटांची स्पोर्ट्स कार, फायबरची बॉडी, आत रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, साठ बीएचपी. साठ. आता शेजारच्या पोराची साधी हॅचबॅक हिच्यापेक्षा जास्त ताकदीची असते, आणि तो ते दर गणपतीत आठवणीने सांगतो. पण तिच्यात बसलं की बूड रस्त्याला टेकतंय की काय असं वाटतं, बाजूने एसटी गेली की फक्त तिची चाकं दिसतात, आणि चाळीसच्या स्पीडला ऐंशीचा आनंद मिळतो. काकांनी २००६ मध्ये मडगावहून सेकंडहँड आणली. पतपेढीत कारकून, मूलबाळ नाही, आयुष्यभर सायकल आणि मग एक एम-एटी, आणि रिटायर व्हायला दोन वर्षं असताना हा लाल रंगाचा प्रकार. आमचे बाबा आठ दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. वेंगुर्ल्यात लोक गाडीला ‘होडी’ म्हणायचे, एक म्हणजे ती तेवढीच ठेंगणी, आणि दुसरं म्हणजे फायबरची, बंदरावरच्या होड्यांसारखीच, बंपरला चीर गेली तर होड्यांना मॅट आणि रेझिन लावणारा माणूसच येऊन लावून जायचा. खाऱ्या हवेत बॉडी गंजत नाही हे काकांचं लाडकं वाक्य. खालची चासी गंजते ते कधी बोलायचे नाहीत.

रोज संध्याकाळी पाच वाजता उभादांड्यापर्यंत जायचं, सागरेश्वरला सुरूच्या झाडांखाली गाडी लावायची, सूर्य बुडेपर्यंत बसायचं, परत. रविवारी शिरोडा किंवा रेडी. काकू बाजूला, डोक्याला स्कार्फ घट्ट बांधून, तोंडावर ‘काय हा पोरखेळ’ असा भाव ठेवून, पण एकही दिवस न चुकवता. तिची एकच मागणी होती, एकदा आंबोलीला जाऊ. तिचं माहेर सपाटीवरचं, तिला धुकं बघायचं होतं गाडीचं छप्पर काढून. काका म्हणायचे जाऊ की. मग पाऊस तरी असायचा, नाहीतर गर्दी असायची, नाहीतर रस्त्याचं काम. चौदा वर्षं रस्त्याचं काम. तीन वर्षांपूर्वी काका गेले, मी पुण्याची नोकरी लॅपटॉपमध्ये घालून वेंगुर्ल्याला येऊन राहिले, आणि या मे महिन्यात म्हटलं चल काकू, आज जाऊच.

तर ते तसं झालं.

सावंतवाडीच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. पाण्याचा पंप बदलला, रेडिएटर साफ केला म्हणाले, सात हजार घेतले. सपाटीवर गाडी इतकी गार चालायला लागली की तापमानाचा काटा पावाच्या वर यायला तयार नाही. मी खूश. ट्रायल म्हणून दाणोलीच्या पुढे चार वळणं चढले आणि काटा उठून बसला, अर्धा, पाऊण, मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले. गॅरेजवाला फोनवर म्हणाला आता इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, उघडावा लागेल, त्याच्याखालचं गॅस्केट गेलं असणार. त्याच्या आवाजात खर्चाचा आकडा आधीच ऐकू येत होता. म्हटलं कळवते.

मग पावसाळा लागला. गाडी पडवीला लागून असलेल्या पत्र्याखाली, बाहेर चोवीस तास धो धो, कपड्यांना कुबट वास, आणि मी संध्याकाळी कामाचे कॉल संपले की बॉनेट उघडून बघत बसायचे. बंदरावरचे आबा मिस्त्री एक दिवस छत्री मिटत आले, ट्रॉलरची मासेमारी बंद असल्याने त्यांना वेळच वेळ होता. आयुष्य होड्यांच्या इंजिनात गेलेलं, हाताच्या रेषांत डिझेल. त्यांनी वरच्या पाईपाला हात लावला, जिथे तो हेडला मिळतो तिथल्या हाऊसिंगवर बोटाने टकटक केलं, गाडी चालू करायला लावली आणि मिनिटभराने म्हणाले, ‘ह्येचो वॉल खंय गेलो?’

थर्मोस्टॅटला इथे सगळे वॉलच म्हणतात. इंजिन थंड असताना हा वॉल बंद असतो, पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, आतल्या आत फिरवतो, म्हणजे इंजिन पटकन तापावं. त्याच्या पोटात मेणाची गोळी असते. ठरलेल्या तापमानाला मेण वितळतं, वितळलं की फुगतं, फुगलं की दांडी ढकलतं आणि दार उघडतं. ना वायर, ना बॅटरी. गार झालं की स्प्रिंग पुन्हा बंद करते. आमच्या गाडीत तो वॉलच नव्हता, म्हणून पहिल्या मिनिटापासून पाईप कोमट, कारण सगळं पाणी सतत रेडिएटरमधून फिरतंय. आबांना याचं फार नवल वाटलं नाही. ‘आपल्याकडे काडून टाकतत सगळे,’ म्हणाले, ‘गरमी जास्त मां.’ पण स्वतःच्या होडीतला त्यांनी कधी काढला नाही. जी इंजिनं थेट समुद्राच्या पाण्यावर गार होतात त्यांचा वॉल ६० अंशांच्या आसपासच उघडणारा असतो, कारण पाणी त्याच्यावर तापलं की आत मीठ धरायला लागतं. म्हणजे वॉल कधी उघडावा यामागे कुणीतरी विचार केलेला असतो, हे आबांनी सांगितलं नाही, पण त्यांच्या तोंडून आलेल्या त्या साठाच्या आकड्याने मला सांगितलं.

काकूला विचारलं, काकांनी कधी काही काढलं होतं का गाडीतलं? ती म्हणाली मला काय कळतंय, त्यांची वही बघ. वही होती. पतपेढीतला माणूस, गाडीच्या प्रत्येक लिटरची नोंद, शाईच्या पेनाने, तारीख, किलोमीटर, रुपये. आणि फेब्रुवारी २००९ मध्ये एक ओळ अशी: ‘मिस्त्रीकडून वॉल काढला. काटा आता वर येत नाही. बरं वाटतं.’

बरं वाटतं.

ती ओळ वाचून मी हसले आणि मग पुढची पानं उलटत गेले तसं हसू गेलं. त्या तारखेनंतर मायलेज खाली आलं होतं, चौदाचं बारा, थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं, ते त्यांनी इमानदारीने लिहून ठेवलंय. आणि त्या तारखेनंतर एकही चढाची नोंद नाही. आधी एकदा फोंडा घाट आहे, एकदा अर्धा आंबोली घाट आहे, समोर कंसात ‘तापली’. नंतर सागरेश्वर, शिरोडा, रेडी, सागरेश्वर, सागरेश्वर. म्हणजे माणसाला माहीत होतं. काटा वर येत नाही याचा अर्थ गाडी बरी झाली असा नाही हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर शेवटपर्यंत चढ टाळले. काकूला वाचून दाखवलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली आणि मग म्हणाली, ‘माका सांगल्यान असता तर मी काय हसलंय असतंय?’ मला वाटतं ती हसली असती. मीही हसले असते. बाबा तर नक्कीच. साठ घोड्यांची गाडी आणि घाट चढत नाही, हे वेंगुर्ल्यात दहा वर्षं पुरलं असतं.

वहीत मिळाली नाही ती वस्तू काकूच्या सुपारीच्या जुन्या पितळी डब्यात मिळाली, नटबोल्ट, दोन चाव्या आणि एका एसटीच्या तिकिटासोबत. पितळेचा नि स्टीलचा, लिंबाएवढा, कडेला ८९ कोरलेलं. ८९ अंशांना उघडायला लागणार. रबराची रिंग वाळून बिस्किट झालेली. मी म्हटलं हा अडकलेला असणार, बंद अवस्थेत जाम, म्हणून काढला असेल. आबा म्हणाले चुलीवर बघ. मग गॅसवर टोप, टोपात पाणी, दोऱ्याला बांधून लटकवलेला वॉल, आणि काकूने मिठाई करायचा थर्मामीटर काढून दिला, जो तिने एका दिवाळीत वड्यांसाठी घेतला होता आणि परत कधी वापरला नव्हता. आम्ही तिघं टोपात डोकावून उभे. सत्तर. ऐंशी. काही नाही. पंच्याऐंशी. तळाशी बुडबुडे. नव्वदला मला वाटलं हललं, पण वाफेत तसं काहीही वाटतं. आणि मग, सावकाश, एखादं म्हातारं कासव डोकं बाहेर काढतं तसं ते दार सरकायला लागलं, आणि पाणी उकळेपर्यंत चांगलंच उघडलं. काकू ओरडली, ‘उघाडता गो मेलो!’ गॅस बंद केला, तर गार होत होत पुन्हा मिटलं. ठणठणीत. चौदा वर्षं डब्यात पडून, काही दोष नसताना.

मग तापत का होती? याचं उत्तर शोधायला पुढचे तीन आठवडे गेले आणि खरं सांगायचं तर तेच माझे या वर्षातले सगळ्यात सुखाचे दिवस होते. रेडिएटर खोलून बाहेर काढला. समोरून जाळी स्वच्छ दिसत होती, गॅरेजवाल्याने तेवढीच धुतली असणार. पण रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे सुरूच्या काड्या होत्या. अक्षरशः गादी. चौदा वर्षांच्या संध्याकाळी, सागरेश्वरच्या वाळूसकट, वर जांभ्याची लाल धूळ बसून तिचं नमद्यासारखं थापटं झालेलं. मी ते हाताने ओढून काढलं आणि सुपात भरलं, सूप भरलं. त्यात एक चॉकलेटचा कागदही होता. आणि आतलं पाणी सोडलं तर पहिल्या पावसात व्हाळाला येतं तसं तांबडं आलं. आमच्या विहिरीचं पाणी, जांभ्यातलं लोह घेऊन आलेलं, त्यात कूलंटचा थेंब नाही. लोखंडाच्या ब्लॉकला गंज आणि हेडच्या ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी, दोन्ही एकाच पाण्यात सुखाने नांदत होते.

फॅनची कथा त्याहून सोपी. फॅन चांगला होता, बॅटरीवरून थेट वायर दिली तर भुर्रकन फिरला. त्याच्या रिलेचे, म्हणजे त्याला करंट सोडणाऱ्या स्विचचे, पाय मात्र असे हिरवे झाले होते की आमसुलाने घासावेत. खारी हवा. आता सगळं जुळलं: सपाटीवर समोरून समुद्राचा वारा येतोय, वॉल नाही म्हणून पाणी सतत फिरतंय, त्या अर्ध्या बुजलेल्या रेडिएटरलाही तेवढं झेपत होतं. घाटात दुसऱ्या गिअरला इंजिन बोंबलतंय, वेग वीस, वारा नाही, फॅन फिरत नाही. कोण गार करणार? बिचाऱ्या वॉलला काढून डब्यात घातला तेव्हाही बहुधा फॅनच रुसलेला असेल.

नवा वॉल ऑनलाईन मागवला, रेनोच्या त्याच इंजिनाचा, ८९चाच. जुना चालला असता पण रबर गेलेलं आणि आबा म्हणाले एवढी मेहनत केलंस तर जुन्याची उधारी कित्याक. कुरिअरवाला वेंगुर्ल्याला येत नाही, फोन करून कुडाळला बोलावतो, तर कुडाळला गेले भर पावसात. हाऊसिंगचे बोल्ट काढताना एक तुटला, ॲल्युमिनियममध्ये फुगून बसलेला, दहाच्या पान्याला आधी मऊ लागला आणि मग तो घाणेरडा ‘टक्’. लेथवाल्याकडे जाऊन ड्रिल करून नवे आटे पाडून आणले, त्यात चार दिवस. दोन्ही होस नवे, क्लिपा नव्या, रिले नवा आणि त्याच्या पायांना ग्रीस. हीटरचे पाईप कोणीतरी एकाच तुकड्याने जोडून हीटरला वगळलं होतं, ते तसंच ठेवलं, कोकणात हीटर कोण लावतं, पण गाडी तापली की हीटर फुल्ल सोडणं हा एक जुना उपाय असतो हे कळल्यावर थोडं वाईट वाटलं. मग निम्मं कूलंट, निम्मं बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, विहिरीचं नाही, काकूला हे जरा लागलंच, ‘आमच्या विहिरीचा पानी पोरांनी प्यायला ता गाडयेक चालत नाय?’

पाणी भरताना हवा धरते. ती काढायची म्हणजे गाडीचं तोंड घाटीवर चढवून ठेवायचं, होसवरचा बारीक स्क्रू सैल करायचा, पाईप हाताने दाबत राहायचं, आतून गुडगुड गुडगुड, आणि बुडबुडे संपून सलग धार आली की स्क्रू बंद. मग गाडी चालू ठेवायची आणि थांबायचं. काटा चढायला लागला. पाव ओलांडला, तिथे तो मी कधी सपाटीवर बघितलेलाच नव्हता. अर्ध्याजवळ आला तसा माझा हात आपोआप चावीकडे गेला. आबा म्हणाले, ‘काट्याक बघ नको. हय ये, पायपार हात ठेव.’ वरचा पाईप गार. इंजिन एवढं तापलेलं आणि तो गार, पहाटेच्या ओट्यासारखा. मी हात ठेवून उभी, बाजूला पत्र्यावर पाऊस वाजतोय, काकू दारात. वाटत होतं हा उघडणार नाही, नवाच खराब निघाला, आता सगळं उकळणार. आबांचा हात माझ्या हाताजवळच होता, पाईपावर, काळा, स्थिर. आणि मग तळव्याखाली काहीतरी आलं. आधी कोमट, एक श्वास घेईपर्यंत गरम, मग ठेववेना इतकं गरम. मी हात काढला. काटा एक रेष खाली आला आणि तिथे बसला.

त्या रात्री तो घाटातला म्हातारा परत आठवला. त्याच्या हाताचा डाग कधीचा असेल, कुठल्या गाडीचा, ट्रक की एसटी की दुसऱ्याच कुणाची, आणि कुणी त्याचं मनगट का नव्हतं धरलं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या कोरड्या आठवड्यात निघालो. छप्पर उतरवलं, काकूने स्कार्फ बांधला, डब्यात धोंडस आणि थर्मासमध्ये चहा घेतला, थर्मासकडे बघून ‘ह्येचो वॉल बरो आसा’ असा विनोदही केला. दाणोली गेलं. वळणं सुरू झाली. काटा अर्ध्यावर, दोन वळणांनी अर्ध्याच्या किंचित वर, परत अर्ध्यावर. मी रस्ता कमी आणि काटा जास्त बघत होते, काकू दोन्हीकडे न बघता दरीकडे बघत होती. आधी थांबलो होतो त्या वळणावर गाडी मुद्दाम बाजूला घेतली. करवंदांचा सीझन नव्हता, त्या जागी एक बाई उकडलेल्या शेंगा विकत होती. तिला विचारलं, एक म्हातारेसे गृहस्थ असतात का इथे, खांद्यावर टॉवेल, हाताला भाजल्याचा डाग. ती म्हणाली टॉवेलवाले दिवसाला पन्नास जातात. शेंगा घेतल्या. दहाच्या दोन पुड्या.

इंजिन चालूच ठेवलं होतं. उभ्या गाडीत काटा हळूहळू वर सरकायला लागला, वारा बंद, उतारावरून धुकं चढून येत होतं आणि बॉनेटला लागून विरत होतं. शेंगावालीचा मुलगा, सातआठ वर्षांचा, गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि माझ्या दाराशी उभा राहिला.

‘तापली काय?’

‘नाही रे,’ मी म्हटलं. ‘फॅनची वाट बघतोय.’

तोही थांबला. काकूने त्याला धोंडसाचा तुकडा दिला, तो त्याने हातातच धरून ठेवला, खाल्ला नाही, आम्ही तिघं गप्प, आणि मग पुढून ‘खट्’ झालं आणि फॅन लागला.